दिवाणखान्यातील प्रवाळभित्ती : खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय उभारताना आणि सांभाळताना

मत्स्यालयाच्या दुकानात निळसर प्रकाशात डोलणारे प्रवाळ आणि त्यांच्या आडून डोकावणारा केशरी-पांढरा क्लाउनफिश पाहिला की घरातही असे काही असावे, ही इच्छा मनात येणे स्वाभाविक आहे. परदेशात नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांना हा छंद आर्थिकदृष्ट्या आवाक्यात वाटतो. साधने घरपोच मिळतात आणि मार्गदर्शनाच्या चित्रफितींची तर गणतीच नाही. तथापि एका शनिवारी टाकी, मासे आणि प्रवाळ असे सगळे एकदमच घरी आणणाऱ्या उत्साही माणसाच्या टाकीत पुढच्या काही आठवड्यांत जे घडते, ते बहुधा दुःखद असते. मासे एकामागून एक मरतात, प्रवाळ पांढरे पडतात आणि दोष मात्र दुकानदाराच्या किंवा माशाच्या माथी मारला जातो. खरे कारण वेगळेच असते. प्रवाळांचे मत्स्यालय म्हणजे मासे पाळणे नव्हे, तर पाणी सांभाळणे होय. पाणी सांभाळले गेले, तर त्यातील जीव बहुतांशी आपली काळजी आपण घेतात.

प्रवाळ म्हणजे नेमके काय?

प्रवाळ दगडासारखा दिसतो आणि वनस्पतीसारखा वाढतो, पण तो प्राणी आहे. समुद्रफुलाचा तो जवळचा नातेवाईक. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म एकपेशीय शैवाले राहतात. ती प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देतात. प्रवाळ त्यांना निवारा आणि आपल्या उत्सर्जनातील पोषकद्रव्ये देतो. पाणी फार तापले किंवा परिस्थिती एकाएकी बदलली की ही भागीदारी तुटते. शैवाले निघून गेल्यामुळे प्रवाळाचा पांढरा सांगाडा आरपार दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजन झालेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, पण तो उपाशी असतो. घरातील टाकीची सारी व्यवस्था ही भागीदारी टिकवण्यासाठी असते. पुरेसा प्रकाश, खेळते पाणी, स्थिर तापमान आणि स्थिर रसायन या तिच्या चार बाजू होत.

प्रवाळभित्ती समुद्रतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापतात, परंतु सागरी प्रजातींपैकी सुमारे पाव प्रजातींचा आयुष्यातील काही ना काही काळ त्यांच्या आश्रयाने जातो. इतक्या गुंतागुंतीच्या जगाचा एक तुकडा घरी आणताना ही पार्श्वभूमी ध्यानात असलेली बरी.

जागा, वजन आणि वीज

नवख्याला लहान टाकी सोपी वाटते; वस्तुतः ती अवघड असते. पाणी जितके कमी, तितके त्यातील बदल वेगवान. सुरुवातीसाठी दीडशे ते अडीचशे लिटरची टाकी सोयीची ठरते. दोनशे लिटर समुद्राचे पाणी सुमारे २०५ किलो भरते. त्यात काच, खडक, वाळू, लाकडी चौरंग आणि खालच्या कपाटातील दुसरी टाकी, म्हणजे सम्प, मिळवल्यास भार तीनशे किलोंच्या पुढे सहज जातो. अमेरिकेतील अनेक घरांची जमीन लाकडी तुळयांवर उभी असते. तेथे टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भार पेलणाऱ्या भिंतीलगत, आणि एकाहून अधिक तुळयांवर आडवी पडेल अशी ठेवणे शहाणपणाचे. भाड्याच्या घरात करारातील अट आधी वाचावी. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छतातून खारे पाणी ठिबकू लागल्यावर ती वाचण्यात अर्थ उरत नाही.

खारे पाणी आणि वीज हे जोखमीचे शेजारी आहेत. अमेरिकेत जीएफसीआय, तर ब्रिटनमध्ये आरसीडी या नावाने ओळखले जाणारे संरक्षक साधन या वीजजोडणीला असलेच पाहिजे. शिवाय प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत जाण्यापूर्वी खाली झोळासारखी वळवून मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या वळणावरच गळून पडते. खर्चाचा अंदाजही आधीच मांडावा. दिवे, पंप आणि हीटर मिळून सरासरी २०० वॅट धरले, तर महिन्याला १४४ युनिट होतात. १७ सेंट दराने ते सुमारे २४ डॉलर. आखाती देशांत प्रश्न उलट असतो. तेथे पाणी तापवण्याऐवजी थंड ठेवावे लागते. वातानुकूलन बंद पडले की टाकीही संकटात येते, म्हणून पाणी थंड करणाऱ्या चिलरची तरतूद हिशेबात धरावी लागते.

पाण्याची तयारी

नळाचे पाणी माणसासाठी शुद्ध असते, प्रवाळासाठी नव्हे. अनेक शहरांत निर्जंतुकीकरणासाठी त्यात क्लोरामाइन मिसळतात. जुन्या नळवाहिन्यांतून तांबे येऊ शकते, आणि माशाला सोसेल इतके तांबेदेखील अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक ठरते. म्हणून रिव्हर्स ऑस्मोसिस आणि त्यापुढील विआयनीकरण या दोन्ही टप्प्यांतून गाळलेले, टीडीएस मापकावर शून्य दाखवणारे पाणी वापरावे. त्यात मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ मिसळतात. स्वयंपाकाचे मीठ येथे कामाचे नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर क्षारही असतात. चाळीस लिटर पाण्याला साधारण दीड किलो मीठ लागते. क्षारता हजारी ३५ भाग, म्हणजेच २५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, इतकी ठेवावी आणि ती मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरावा.

येथे नवखे हमखास एक चूक करतात. टाकीतील पाणी कमी झाले की ते खाऱ्या पाण्याने भरतात. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ मागेच राहते. म्हणून भरणा गोड्या, गाळलेल्या पाण्याचा हवा. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातील हवा कोरडी होते. दोनशे लिटरच्या टाकीतून रोज तीन लिटर पाणी उडाले आणि आठवडाभर कोणी पाहिलेच नाही, तर ३५ ची क्षारता ३९ वर जाते. एखादा कणखर मासा हे सोसेल. प्रवाळाचा भरवसा नाही. पातळी घटताच आपोआप पाणी भरणारे साधन ही या छंदातील पहिली खरी गरज आहे. तिला चैनीत गणू नये.

टाकीचे विरजण

दूध तापवून ठेवल्याने दही होत नाही; विरजण आणि वेळ दोन्ही लागतात. टाकीचेही तसेच आहे. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो अत्यंत विषारी असतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये, तर काही नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू सच्छिद्र खडकावर आणि वाळूत वस्ती करतात. ती वस्ती उभी राहण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासा सोडू नये. खडक, वाळू, जीवाणूंचे मिश्रण आणि अमोनियाचा एखादा बाहेरील स्रोत एवढे पुरते. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही उरेनासा झाला, की विरजण लागले असे समजावे.

खडकांच्या आधारे पाणी जिवंत ठेवण्याची ही कल्पना जुनी आहे. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच बळावर सागरी मासे पाळण्याची रीत १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात मांडली. पुढे बर्लिनमधील छांदिष्टांनी तिला तीव्र प्रकाश आणि प्रोटीन स्किमर यांची जोड दिली. स्किमर हे साधन पाण्यात सूक्ष्म बुडबुडे सोडते. त्यांना चिकटलेली सेंद्रिय घाण फेसाच्या रूपाने वर येते आणि सडण्यापूर्वीच बाहेर काढता येते. आजच्या बहुतेक घरगुती टाक्या या ‘बर्लिन पद्धती’च्याच वारसदार आहेत.

विरजण लागल्यावरही टाकी लगेच देखणी होत नाही. आधी वाळूवर तपकिरी थर चढतो, मग हिरवे शेवाळ माजते. कित्येक जण याच टप्प्यावर धीर सोडून रसायने ओततात आणि नवी दुखणी ओढवून घेतात. शेवाळ हाताने काढणे, गोगलगाई सोडणे, खाणे बेताने घालणे आणि वाट पाहणे हाच बहुधा उत्तम उपाय. काही महिन्यांनी खडकावर जांभळट-गुलाबी चुनेदार शैवालाचे डाग दिसू लागतात. पाणी मुरल्याची ती खूण असते.

प्रकाश, प्रवाह आणि चुन्याचा हिशेब

प्रवाळातील शैवालांना निळ्या छटेचा प्रकाश विशेष उपयोगी पडतो. आधुनिक एलईडी दिवे तो सहज देतात. मात्र नव्या दिव्याची पूर्ण शक्ती पहिल्या दिवशी वापरणे म्हणजे रोपवाटिकेतील रोप एकदम वैशाखाच्या उन्हात ठेवण्यासारखे आहे. कमी तीव्रतेपासून सुरुवात करून काही आठवड्यांत ती वाढवावी. रोज आठ ते दहा तास प्रकाश पुरेसा होतो. प्रवाहही एकाच दिशेचा नको. लाटांसारखी उलटसुलट हालचाल असली, की प्रवाळाला अन्न आणि प्राणवायू मिळतो आणि त्याच्या अंगावरील घाण धुऊन निघते.

मऊ प्रवाळ, म्हणजे मश्रूम आणि लेदर प्रवाळ, नवख्याच्या चुका बऱ्यापैकी पोटात घालतात. मोठ्या मुखाचे खडकाळ प्रवाळ ही दुसरी पायरी. आणि अ‍ॅक्रोपोरासारखे बारीक मुखाचे, फांद्यांचे प्रवाळ हे टाकीने वर्षभर स्थैर्य दाखवल्यानंतरचे काम. दोन प्रवाळांत अंतर ठेवावे, कारण काही प्रवाळ रात्री लांब दंशतंतू पसरून शेजाऱ्याला जाळतात.

खडकाळ प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांपासून घडवतो. त्यामुळे टाकीच्या चालू खात्यातून दोन्हींची रोज उचल होते आणि ती भरून काढावी लागते. कॅल्शियम प्रतिलिटर ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १,३००, आणि पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, म्हणजे अल्कलिनिटी, ८ ते ९ डीकेएच ठेवण्याचा प्रघात आहे. ही उचल ठरावीक प्रमाणात होते: कॅल्शियम २० मिलिग्रॅमने घटला तर अल्कलिनिटी सुमारे २.८ डीकेएचने उतरते. म्हणून उतार आधी अल्कलिनिटीच्या चाचणीत ठळक दिसतो. तो भरून काढतानाही एका दिवसात एक डीकेएचपेक्षा अधिक वाढ करू नये. आकडा आदर्श नसला तरी चालतो. तो हेलकावे खात असेल तर चालत नाही. थंड देशांत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हिवाळ्यात बंद घरात माणसांच्या श्वासोच्छ्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो आणि टाकीचा पीएच उतरतो. अशा वेळी रसायनाच्या बाटलीकडे धाव घेण्याआधी खिडकी थोडी उघडून पाहावी.

पाणी बदलण्याचे गणित

‘दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला’ हा सल्ला सर्वत्र मिळतो. तो योग्यच आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्यावी. दहा टक्के पाणी बदलल्याने साचलेला नायट्रेट केवळ दहा टक्क्यांनी घटतो. टाकीत दर आठवड्याला प्रतिलिटर २ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडत असेल आणि तो काढण्याचा दुसरा मार्ग नसेल, तर तो वाढत वाढत पाणी बदलण्यापूर्वी २० आणि बदलल्यानंतर १८ या पातळीवर स्थिरावतो. त्याखाली जात नाही. थेंबे थेंबे तळे साचते ते असे. उपाय उगमाशी आहे: मासे कमी, खाणे मोजके, स्किमर स्वच्छ. याउलट नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेण्याचा हट्टही घातक असतो. प्रवाळाला दोन्ही अल्प प्रमाणात लागतात, आणि पोषणशून्य टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट, उपद्रवी सूक्ष्मजीव फोफावतात.

तापमान २५ ते २६ अंश सेल्सियसच्या, म्हणजे ७७ ते ७९ अंश फॅरेनहाइटच्या आसपास ठेवावे. मोजलेला प्रत्येक आकडा तारखेसह वहीत लिहावा. सहा महिन्यांनी काही बिघडले, तर ही वहीच खरा वैद्य ठरते.

मासे : थोडे आणि विचारपूर्वक

दोनशे लिटरच्या टाकीत चार-पाच लहान मासे पुरेसे असतात, आणि तेही काही आठवड्यांच्या अंतराने. शक्यतो बंदिस्त जागेत पैदास केलेले मासे घ्यावेत. क्लाउनफिशची व्यावसायिक पैदास १९७० च्या दशकापासून होत आली आहे. असे मासे तयार खाद्य सहज स्वीकारतात आणि त्यांच्यासाठी समुद्रफूल ठेवणे आवश्यक नसते. इंडोनेशियातील मोजक्या बेटांभोवती आढळणारा बांगाई कार्डिनल मासा मत्स्यालयांच्या मागणीमुळे धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेला. वस्तुतः त्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो आणि टाकीत त्याची पैदास सहज होते. ग्राहकाने ‘हा मासा कोठून आला?’ एवढे विचारले, तरी समुद्रातील उपशावर परिणाम होतो. चित्रपटामुळे मुलांचा लाडका झालेला निळा टँग मात्र लहान टाकीत आणू नये. तो फूटभर वाढतो.

प्रत्येक नव्या माशाला चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा परजीवी मुख्य टाकीत शिरला, तर तेथे तांब्याचे औषध घालता येत नाही, कारण प्रवाळ मरतात. मग सारे मासे बाहेर काढून मुख्य टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. विलगीकरणाची साधी टाकी या मनस्तापापेक्षा खूपच स्वस्त.

माणसाला आणि समुद्राला असलेला धोका

दुकानात सर्रास मिळणाऱ्या झोअँथिड गटातील काही प्रवाळांत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असू शकते. असे प्रवाळ असलेला खडक उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये, कोरडा घासू नये. कापताना हातमोजे आणि चष्मा वापरावा. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमध्ये २०१८ साली टाकी साफ करताना हे विष हवेत पसरले आणि एका कुटुंबासह मदतीला आलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांनाही रुग्णालयात न्यावे लागले. घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील तर हा गट टाळलेलाच बरा.

नकोसा झालेला जीव समुद्रात किंवा गटारात सोडू नये. मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातील लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम आढळला. तो मत्स्यालयांतून सुटला असावा, असे मानले जाते. आज तो कॅरिबियन समुद्रभर स्थानिक माशांचा फडशा पाडतो आहे. कॉलेर्पा नावाचे शैवाल २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या खाजणात सापडले. ते निपटून काढल्याची घोषणा होण्यास सहा वर्षे लागली.

भारतवारीच्या काळात टाकी

परदेशस्थ कुटुंबाची खरी कसोटी डिसेंबरात किंवा उन्हाळी सुटीत लागते, कारण घर तीन-चार आठवडे रिकामे राहते. निघण्याआधीचे दोन महिने टाकीत नवा जीव किंवा नवे उपकरण आणू नये. पाणी भरणारे साधन आणि डोसिंग पंप दोन आठवडे आधीच सुरू करून त्यांची परीक्षा घ्यावी. शेजाऱ्यावर काम सोपवायचे असेल, तर रोजचे खाणे वारांच्या कप्प्यांच्या गोळ्यांच्या डबीत मोजून ठेवावे. प्रेमापोटी घातलेले जास्तीचे खाणे उपासापेक्षा लवकर मारते. वीज गेल्यास बॅटरीवर आपोआप चालणारा हवेचा पंप हवाच. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत लाखो घरांची वीज दिवसेंदिवस गेली होती. अशा वेळी तापमानाच्या आधी प्राणवायू संपतो.

भारतभेटीत कायद्याचेही भान हवे. मालवणच्या सागरी अभयारण्यात आणि विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेल्या, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर प्रवाळ आहेत. भारतात खडकाळ प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारान्वये नियंत्रित आहे. किनाऱ्यावर सापडलेला मृत तुकडाही आठवण म्हणून सामानात टाकू नये.

मग हा खटाटोप कशासाठी?

जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी उथळ खाडीत पाण्याचे तापमान ३८ अंश सेल्सियसपुढे नोंदले गेले. तेव्हा समुद्रातील रोपवाटिकांमधून प्रवाळ काढून किनाऱ्यावरच्या टाक्यांत हलवावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये जगातील चौथे व्यापक विरंजन जाहीर झाले. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील संशोधकांनी चंद्रप्रकाश आणि ऋतुमान यांची हुबेहूब नक्कल करून बंदिस्त टाकीत प्रवाळांचे प्रजनन घडवून आणले आहे. या सर्व ठिकाणी वापरले जाणारे दिवे, पंप आणि डोसिंगचे तंत्र घरगुती छंदाबरोबरच वाढले आहे. म्हणून चांगल्या रीतीने चालवलेली टाकी केवळ शोभेची वस्तू राहत नाही. तिच्यातील प्रवाळाची फांदी कापून दुसऱ्या छांदिष्टाला दिली, की समुद्रातून निघणारी एक फांदी वाचते. उलट निष्काळजीपणाने चालवलेल्या टाकीत समुद्रातून आणलेले जीव पुनःपुन्हा मरत राहतात.

हे दोन्ही परिणाम एकाच निर्णयातून निघतात, आणि तो निर्णय टाकी विकत घेण्यापूर्वीचा आहे. येत्या दोन वर्षांत नोकरीनिमित्त गाव बदलण्याचा संभव आहे काय? आठवड्याचे दोन तास खात्रीने देता येतील काय? पहिले दोन-तीन महिने फक्त पाणी आणि खडक पाहत बसण्याइतका धीर आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आणि उरलेल्या दोहोंचे ‘होय’ असेल, तर एक वही आणि गाळणयंत्र यांपासून सुरुवात करावी. मासे सर्वांत शेवटी आणावेत.